शाळेच्या खोलीतली मंडळी
सोलापूर परिसरातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास आणि विश्वास

सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळी शाळेच्या खोलीतून आली. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, खाली सारवलेली जमीन, एक फळा आणि एक पेटी. सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या खोलीत मुळाक्षरे आणि पाढे चालायचे, रविवारी त्याच जमिनीवर उपासना भरायची. मास्तर तेच, उपदेशकही तेच. पुढे काही गावांत दगडी किंवा विटांची मंदिरे उभी राहिली, काही गावांत आजही पत्र्याच्या खोलीतच उपासना होते. आपल्या स्मरणिकेत मंदिरांच्या पायाभरणीच्या तारखा येतील, त्या यायलाच हव्यात. पण मंडळी समजून घ्यायची तर आधी त्या खोलीत जावे लागते, कारण आपल्या विश्वासाचे बहुतेक सारे तिथेच घडले.

त्या खोलीची गोष्ट सुरू होते ती सोलापुरापासून फार दूर. 1810 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी परदेशी सुवार्ताकार्यासाठी एक बोर्ड स्थापन केले. त्याचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले, तरी ते टिकले. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार संपूर्ण छापून निघाला. 1831 मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले आणि 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. हेच अमेरिकन मराठी मिशन. नगरहून ते दक्षिणेकडे सरकत सोलापूरपर्यंत आले.

या मिशनऱ्यांची मूळ परंपरा आपल्यासाठी फार महत्त्वाची ठरली. काँग्रिगेशनल पद्धतीत बिशप नाही, वरून हुकूम नाही. ज्या माणसांनी एकमेकांशी आणि देवाशी करार करून एकत्र यायचे ठरवले, तीच मंडळी. पाळक कोण, सभासद कोणाला करून घ्यायचे, पैसा कुठे खर्चायचा, हे मंडळीच ठरवणार. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावच्या चावडीवर बसायची मुभा नव्हती, ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते, त्यांच्या हाती एक सभा आली. तिथे हात वर करून ठराव होत होते, वडील आणि डीकन निवडले जात होते, जमाखर्च वाचून दाखवला जात होता. ईश्वरज्ञानाच्या चर्चेत ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. लोकशाहीचा पहिला धडा आपल्या खेड्यांतल्या अनेक घरांनी 1952 च्या निवडणुकीत नाही, मंडळीच्या वार्षिक सभेत गिरवला.

1854-55 मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचे म्हणणे असे होते की इंग्रजी शाळा आणि मोठी ठाणी यांत मिशनने अडकून पडू नये. खेडोपाडी लहान मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांना इथलेच पाळक द्यावेत, आणि त्या मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः सांभाळावा. त्याच सुमारास, 1854 च्या डिसेंबरात, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळा बंद केल्याने शिकू पाहणाऱ्या मुलांचे नुकसान झाले, आणि या धोरणाची ती बाजू झाकता येत नाही. पण खेड्यातली मंडळी खेड्याच्याच हाती सोपवण्याचा निर्णय तेव्हा झाला. तो झाला नसता तर मिशनरी मायदेशी परतल्यावर या मंडळ्या विरून गेल्या असत्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरचे ठाणे 1862 च्या सुमारास सुरू झाले. त्याआधी दोनच वर्षे, 1860 मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ सोलापूरला पोचला होता. मुंबईहून येणारे टपाल, पुस्तके आणि माणसे आता दिवसांच्या हिशेबात येऊ लागली. रेव्ह. चार्ल्स हार्डिंग यांनी इथल्या कामाची घडी बसवली. पुढे रेव्ह. एल. एस. गेट्स यांनी दीर्घकाळ हे क्षेत्र सांभाळले. शहरातली मंडळी, जिला आपण आज ‘फर्स्ट चर्च’ म्हणून ओळखतो, ती या साऱ्या परिसराची थोरली बहीण. तिच्याभोवती आणि बार्शीकडच्या भागात खेड्यांतल्या मंडळ्या हळूहळू जमत गेल्या. मिशनऱ्यांचे दौरे थंडीच्या दिवसांत व्हायचे. बैलगाडीत तंबू, औषधांची पेटी, विक्रीची पुस्तके. पावसाळ्यात काळी माती चाकांना सोडत नसे. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने गावात असायचे ते मास्तर, त्यांची बायको आणि मूठभर कुटुंबे. अहवाल मिशनऱ्यांनी लिहिले, म्हणून नावे त्यांची उरली.

मग 1876 चा दुष्काळ आला. पाऊस फिरकला नाही, ज्वारी करपली, आणि सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला. 1896-97 आणि 1899-1900 मध्ये पुन्हा तेच. यांतल्या शेवटच्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या आज्यांच्या तोंडी होत्या. दुष्काळात मिशनने अन्न दिले, कामे काढली, अनाथ मुले सांभाळली, आणि त्यानंतरच्या वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. यावरून ‘भाकरीसाठी बाटलेले’ हा शब्द आपल्या पूर्वजांना ऐकावा लागला आणि कधी कधी आपल्यालाही ऐकावा लागतो. त्याला उत्तर द्यायलाच हवे. भूक होती हे खरे. जो उपाशी आहे त्याला कोणी विचारले हे तो विसरत नाही, हेही खरे. पण दुष्काळ दोन वर्षांत सरला, आणि त्यानंतर बाप्तिस्म्याची किंमत मोजावी लागली ती वर्षानुवर्षे. ज्या घरांनी विश्वास धरला त्यांतल्या कित्येकांचे बलुते थांबले, भावकीने पंगत तोडली, पाणवठ्यावरून भांडणे झाली. 1850 च्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जात नव्हता. पण तो कायदा कोर्टात होता, आणि गावात होता पाटील. भाकरीसाठी आलेला माणूस अशा वेळी परत जातो. काही गेलेही. जे राहिले त्यांच्यामुळे आज ही स्मरणिका निघते आहे.

खेड्यांतल्या मंडळ्यांतले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतून आले. इतर समाजांतलीही घरे होती, पण थोडी. आणि इथे एक अवघड गोष्ट लिहायला हवी, कारण स्मरणिकेत नुसते गोड लिहिले की पुढची पिढी फसते. महार आणि मांग हे गावगाड्यात एकमेकांचे पाणी घेत नव्हते. एका मंडळीत आल्यावर ते एका चटईवर बसले, पण प्रभुभोजनाचा एकच प्याला ओठाला लावायची वेळ आली तेव्हा जुनी भीती उठली. सोयरीक तर त्याहून लांबची. ‘ख्रिस्तात सर्व एक’ हे वचन तोंडपाठ असलेली माणसेही लग्न ठरवताना मूळ जात विचारत राहिली, आणि आजही विचारतात. तरीसुद्धा तो प्याला हातोहात फिरला. कुठे लवकर, कुठे एक पिढी गेल्यावर. हा जिल्हा मंगळवेढ्याच्या चोखोबाचा. त्याची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीशी आहे, आणि त्याच्या लोकांसाठी त्या देवळाचे दार उघडायला 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. त्या पार्श्वभूमीवर एका सारवलेल्या खोलीत फिरलेला प्याला किती मोठा होता, ते ध्यानात यावे.

आता विश्वासाविषयी. आपल्या मंडळ्यांचा विश्वास मोठ्या ग्रंथांत शोधायची गरज पडत नाही. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू ख्रिस्ताचा वधस्तंभावरचा मृत्यू आपल्या पापांसाठी, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पुनरुत्थान. तारण कृपेने आणि विश्वासाने; कोणत्याही नवसाने किंवा कर्मकांडाने नाही. पवित्र शास्त्र हा अखेरचा आधार. विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पाळक हा मध्यस्थ नाही. तो मंडळीतलाच एक, शिकवण्यासाठी वेगळा केलेला. इतका विश्वास चार बोटांवर मोजता येतो. पण त्याचे परिणाम घरात कुठवर पोचले ते पाहिले पाहिजे. शास्त्र हाच आधार असेल तर ते प्रत्येकाला वाचता आले पाहिजे, म्हणून आधी शाळा, मग मंडळी. देव एकच असेल आणि तो दयाळू असेल, तर मरीआईच्या कोपाची भीती नको, पोतराजाच्या आसुडाची नको, अमावस्येची नको. मेलेल्या ढोराचे मांस सोडायचे, दारू सोडायची, दुसरी बायको करायची नाही. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी वेठीला जायचे नाही. या शेवटच्या नियमाने गावात जेवढी खळबळ उडाली असेल तेवढी त्रैक्याच्या शिकवणीने कधीच उडाली नसेल.

आणि उपासनेत जे सर्वांत जास्त आपले आहे ते गाणे. सुरुवातीची भाषांतरित गीते इंग्रजी चालींवर म्हटली जायची. पेटीवर ती बरी वाटत, पण जात्यावर बसत नसत. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या पिढीने देशी चालींची पदे आणि ख्रिस्ती कीर्तन रुजवले. मग रेव्ह. नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी येशूला ओवी-अभंगाच्या वाटेने मराठी घरात आणले. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मान्य करत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या बाप्तिस्म्यामुळे झालेल्या ताटातुटीच्या काळात काही काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात राहिल्या होत्या. सोवळ्याओवळ्याशी झगडत त्या स्वतःच्या पायांनी विश्वासापर्यंत आल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचल्याशिवाय मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःला सुशिक्षित म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

‘उपासना संगीत’ हे आपले गीतपुस्तक उघडले की टिळकांचे नाव पानोपानी भेटते. खेड्यातल्या मंडळीत आजही टाळ, ढोलकी आणि पेटी असते. भजनी मंडळ नाताळच्या आधी घरोघर फिरते, रात्री उशिरापर्यंत गाते, आणि दारात चहा ठेवणारे घर ख्रिस्तीच असते असे नाही. वारीच्या वाटेवर वाढलेल्या माणसांना भजन शिकवावे लागले नाही. ते त्यांनी आपल्याबरोबर मंडळीत आणले. मिशनऱ्यांपैकी ज्यांनी हे ओळखले त्यांत अमेरिकन मराठी मिशनचेच जस्टिन अ‍ॅबट यांचे नाव आदराने घ्यायला हवे. मुंबईतली सेवा संपवून 1910 मध्ये ते अमेरिकेला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी महिपती, एकनाथ, तुकाराम यांच्या इंग्रजी भाषांतराला दिले. 1926 पासून त्यांची ‘महाराष्ट्रातील संतकवी’ ही माला निघू लागली. ज्या मिशनने एकेकाळी यात्रेत उभे राहून वारकऱ्यांशी वाद घातले, त्याच मिशनच्या एका माणसाने वारकरी संतांना जगापुढे ठेवले.

स्त्रियांविषयी अहवालांत थोडे आहे आणि प्रत्यक्षात खूप. बायबलबाई हे पद आपल्या मंडळ्यांत पाळकाइतकेच जुने मानावे. ती हातात पुस्तक घेऊन वस्त्यांवर जाई, बायकांना वाचून दाखवी, बाळंतिणीची विचारपूस करी, आणि जिथे पाळकाला परसदारीही प्रवेश नसे तिथे ती चुलीपाशी बसे. मास्तरांची बायको बहुधा मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली असे. सोलापुरातली वोरोनोको कन्याशाळा हे अशा अनेकींचे माहेर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी बी. हार्डिंग यांनी सोलापुरात बालवाडी आणि तिच्या शिक्षिकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला. लहान मुलांना खेळ, गाणी आणि हातकामातून शिकवायचे ही कल्पना तेव्हा मराठी मुलखाला जवळजवळ नवी होती. तिथे तयार झालेल्या शिक्षिका खेड्यांत, छावण्यांत, दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या. ‘माझी पणजी शिक्षिका होती’ असे ज्या घरांत आज सांगितले जाते, ते त्यांच्यामुळे.

सोलापूरच्या सेटलमेंटचा उल्लेख टाळून पुढे जाता येणार नाही. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारून सरकारने ज्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात कोंडले, त्यांच्या सोलापुरातल्या वसाहतीची व्यवस्था काही काळ आपल्या मिशनकडे होती. तिथे शाळा निघाल्या, गिरणीत काम मिळाले, काहींना मायेने वागवले गेले. हे सारे मान्य. पण जन्माने माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा हा आपल्या विश्वासाच्या थेट विरुद्ध होता, आणि मिशनने तो राबवण्यात हात दिला. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या. त्यांतली काही घरे आज आपल्या उपासनेत शेजारी बसतात. त्यांच्यासमोर हा इतिहास सरळ मांडला पाहिजे.

ख्रिस्ती मंडळीची दुसरी एक शाखा जिल्ह्यात उशिरा आली आणि तिची हकीकत कमी जणांना ठाऊक आहे. स्वीडनच्या कव्हेनंट मंडळीचे मिशनरी चिनी तुर्कस्तानात, काशगर आणि यारकंदकडे, 1890 च्या दशकापासून काम करत होते. 1938 मध्ये त्यांना तिथून निघावे लागले. त्यांतले काही हिंदुस्थानात आले आणि 1940 च्या सुमारास पुणे-सोलापूर भागात त्यांनी काम सुरू केले. त्यातूनच हिंदुस्थानी कव्हेनंट चर्च उभे राहिले. या मिशनच्या ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ने खेड्यांत विंधन विहिरी घ्यायला सुरुवात केली, आणि त्यावर बसवायचे पंप वरचेवर मोडतात हे पाहून एक भक्कम हातपंप घडवला. जुने ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे होते. गावातली दोनशे माणसे दिवसभर दांडा मारू लागली की ते मोडायचे. सोलापूर पंपात पोलादी बांधणी होती, आणि दांडा एकाच खिळीवर फिरून साखळीने गज सरळ वर ओढत होता. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकार टिकाऊ पंप शोधत होते तेव्हा आधार म्हणून हाच सोलापूर पंप घेतला गेला, आणि त्यातून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि लाल मिलोची भाकरी खाल्ली, त्यांना पाण्याची किंमत सांगायला नको. तहानेल्याला पाणी देण्याची प्रभूची आज्ञा आपल्या जिल्ह्यात एका वर्कशॉपमध्ये, लेथवर पाळली गेली, याचा मला अभिमान आहे. त्या विहिरीचे पाणी भरताना कोणाचा धर्म विचारला जात नाही.

आता मंडळ्यांच्या संघटनेचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मले. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि सज्ञान झाल्यावरच देणारे असे दोन्ही पक्ष एका छपराखाली आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. ज्या ऐक्यासाठी युरोपात शतकानुशतके भांडणे झाली, ते आपल्या देशात चर्चेने झाले. पण खेड्यातल्या मंडळीला बिशप ही नवी गोष्ट होती. जिथे आजवर वार्षिक सभा शेवटचा शब्द बोलत होती, तिथे आता पत्रे वरून येऊ लागली. काही मंडळ्या ऐक्याबाहेर राहिल्या, काही आत येऊन कुरकुरत राहिल्या, आणि मालमत्तेच्या भांडणांत किती शक्ती गेली ते आपण सारे जाणतो. अलीकडे पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र प्रार्थना-सभाही गावोगाव निघाल्या आहेत. तरुण तिकडे ओढले जातात, कारण तिथे आजाऱ्यासाठी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. आपणही ती करत होतो. कधी सोडली, हे मंडळीने स्वतःला विचारावे.

देशाचा कायदाही मंडळीच्या वहीत उतरला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागास वर्गात धरले जाते. पण गावकुसाबाहेरचे घर तेच, आणि गावाची वागणूकही तीच. परिणाम असा की उपासनेला येणाऱ्या अनेकांची नावे कागदोपत्री वेगळी आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 0.96 टक्के मोजले गेले, आपल्या जिल्ह्यात प्रमाण त्याहून कमी. ज्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी दाखल्यावर एक रकाना बदलू दिला त्यांना मंडळीत कमी लेखणे मला पटत नाही.

खेड्यात आज काय उरले आहे? पुष्कळ घरे पुणे-मुंबईला गेली. पाळक तीन-तीन गावे सांभाळतात. तरी कापणीच्या सणाला गावाकडे येणारे येतातच. ज्वारीची पेंढी, अंडी, भोपळा, एखादी कोंबडी वेदीपुढे येते, उपासनेनंतर लिलाव होतो, आणि पुण्याहून आलेला नातू एका भोपळ्यासाठी पाचशेची बोली लावतो. त्या पैशातून पाळकांच्या पगाराचा एक भाग निघतो. अँडरसन यांनी मागितलेले स्वावलंबन ते हेच.

या लेखाच्या शेवटी गावोगावच्या वडीलमंडळींना एक विनंती करतो. प्रत्येक मंडळीत बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची वही असते. काही ठिकाणी ती पेटीत आहे, काही ठिकाणी माजी सचिवांच्या माळ्यावर, आणि बऱ्याच वह्यांना वाळवी लागली आहे. शाळेच्या खोलीतल्या त्या पहिल्या माणसांची नावे दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत. गावात ज्यांना फक्त अरेतुरे करून हाक मारली जाई, त्यांची पूर्ण नावे, बापाच्या नावासकट आणि आईच्या नावासकट, पहिल्यांदा तिथे शाईने लिहिली गेली. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण संघाने या वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढावा, नावे नव्या वहीत उतरावीत, एक प्रत मंडळीत आणि एक शहरातल्या मंडळीत ठेवावी. अक्षर लागत नसेल तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे. पुढच्या स्मरणिकेत मिशनऱ्यांच्या नावांआधी ही नावे छापू.